सातच्या भोंग्याला अंजनाची रेकाड

अंजना माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, तानाजीची बायकू. तिच्याबद्दल गावात काय काय बोलत्यात ते मी ऐकलंय. कुनी म्हनतं म्हातारी येडी झाली, कुनी म्हनतं पेन्शन उडवती, आन् आता म्हनाय लागल्यात की तिनं गावाच्या बायका बिघडवल्या. मी काय शाळंत गेल्याली न्हाई. माझी नात अंकिता लिवती आन् मी सांगती. कारन लोक सांगत्यात ते उलटं हाय, आन् सुलटं मला ठावं हाय. तिचं आन् माझं भिताड एकच. तिच्या घरात कप फुटला तरी मला कळतंय कुठला फुटला.

ती मूळची मानदेशची, दहिवडीच्या अलीकडच्या एका वाडीतली. तिकडं पानी न्हाई, शेरडं-मेंढरं हायत, आन् घरटी एक मानूस ममईला. लगीन हून आमच्या किस्नाकाठाला आली तवा पाटाचं पानी बघून मला म्हनली, आक्का, हे सगळं आपलंच का? मी म्हनलं, व्हय, तुला काय घागरीत भरून ठिवायचंय का. लय हसली. हसनारीच बाई ती. पर एक गोष्ट मी पयल्या वर्सातच वळखली. तिला एखादी गोष्ट करू नगंस म्हनलं की ती भांडत न्हाई, रडत न्हाई. नुसती करती. सासूनं सांगितलं, सुनंनं दारात बसून तांदूळ निवडू नयेत, जानारं-येनारं बघतंय. ती दारात बसली. सासू आतनं बोलत ऱ्हायली, ही भाईर खडं काढत ऱ्हायली. तांदूळ संपलं तवा उठली. दुसऱ्या दिवशी परत दारात. सासूचं तोंड दुखलं, हिचं काय दुखलं न्हाई.

तानाजी मिलिटरीत हुता. रिटायर हून आला तवा संगं एक रेकाडीचं मशिन आनलं, कुना साहेबाचं जुनं. त्येला गान्याची हौस. सांजच्याला अंगनात बाज टाकून सिनेमातली गानी लावायचा, आन् सगळी आळी ऐकायची. अंजना गान्याला बसायची न्हाई. गानं लागलं की ती भांडी घासायला. पर गानं सुरू व्हायच्या आधी जे नुसतं वाजतं, ते लागलं की तिचा हात राखेत तसाच थांबायचा. तानाजी म्हनायचा, हिला गान्यातलं काय कळत न्हाई. ती म्हनायची, व्हय, न्हाई कळत. त्येला जाऊन आठ वर्सं झाली. वर्सश्राद्ध झालं आन् तिनं गान्याच्या समद्या रेकाडी त्येच्या मैतराला देऊन टाकल्या. मग सोताच्या आनाय सुरवात केली.

सोताच्या म्हंजे कसल्या, ते नीट सांगती, कारन मलाच कळायला लय येळ लागला. सिनेमात गानी असत्यात ती येगळी. पर कुनी दार उघडतं, कुनी मरतं, कोन रानातनं एकटं चाललंय, तवा मागं काय तरी वाजत असतं. त्याला शब्द नसत्यात. आपुन सिनेमा बगतो तवा ते आपल्या ध्यानातबी येत न्हाई. पर ते काढून घेतलं तर डोळ्याला पानी येत न्हाई, असं ती म्हनती. त्या मागच्या वाजपाच्या रेकाडी येगळ्या असत्यात. गान्याच्या पोतंभर, तर ह्याच्या चिमटीभर. अंजनाला ती चिमूटच लागती. मराठी, हिंदी, मद्राशी, विंग्रजी, तिला सगळं चालतं. म्हनती, आक्का, हेच्यात भाषाच न्हाई, मग मला आडानी कोन म्हननार?

आनती कुठनं, तर सांगलीचा जुना बाजार. आन् मिरजेत अमृत म्हनून एक भंगारवाला हाय. त्यो तिच्यासाठी बाजूला काढून ठिवतो आन् फोन करतो, मावशी, तुमचं बिनतोंडाचं आलंय. ही लगेच पातळ बदलून एस्टीला. एकदा मी गेल्ती संगं. त्येच्या दुकानात मिक्सर, पंखं, सायकली, आन् त्या ढिगावर ही बाई रेकाड उन्हाला धरून तिरकी करून बगती, चरं कुठं हायत. अमृत मला म्हनला, ह्या वांगी जरी घेत्यात ना, आजी, तरी एवढं बगत नसतील. मी म्हनलं, वांगी मीच निवडती तिची, ती सगळी किडकी आनती.

आन् आता ह्या जुन्या रेकाडी नव्यानंबी निघत्यात. ममईच्या कंपन्या जुनी टेप कुठनं तरी काढत्यात, पुसूनबिसून परत रेकाड छापत्यात, जाड, चकचकीत, नवं कव्हर घालून. त्या मोबाईलवरनं मागवायच्या. ते तिची सून क्रांती करती. सून तिला गुनाची मिळालीय. अंजना जुनीबी ठिवती आन् तीच नवी निघाली की तीबी घेती. तिचा ल्योक राजवर्धन कुपवाडला वर्कशॉपला हाय, सांजंला गाडीवरनं येतो दमून. त्यो एकदा कावला, म्हनला, आई, एकच गोष्ट दोनदा कशाला? ती म्हनली, तुझा लग्नातला फोटू बी हाय आन् तू बी हायस. दोन्हीतलं एक टाकू का?

पर नवीला तिची कडक तपासनी असती. एकदा एक आली, कव्हर झकास. लावली तर मागं धडाम धडाम, वरातीत वाजतंय तसं. जुन्याच वाजपावर कंपनीनं नवा ढोल चढवल्याला. अंजनाचं तोंड बघन्यासारखं झालं. क्रांतीला म्हनली, लाव फोन. फोनवर एक पोरगी हिंदीत बोलत हुती, मॅडम, आजकाल असंच चालतं, नवीन हाय. अंजना मराठीतच म्हनली, "पोरी, आमच्यातबी शिळ्या भाकरीचा कुस्करा करत्यात, वर फोडनी घालत्यात, आवडीनं खात्यात. पर त्याला कुनी ताजी भाकरी म्हनून इकत न्हाई." त्या पोरीला काय कळलं ठावं न्हाई. रेकाड परत गेली. क्रांती म्हनत हुती आत्या, ऱ्हाऊ द्या, एवढं काय. पर ऱ्हाऊ द्या हे तिच्यातच न्हाई.

आता भोंग्याचं सांगती. आमच्या गावात सांजच्या सातला देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघर टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचं. साडेआठला परत भोंगा, मग सगळं चालू. वीरधवलनं आनलं हे. आमचा सरपंच, तरना पोरगा, शिकल्याला. ग्रामसभेत त्येनं ठराव मांडला तवा बायका एकमेकीकडं बगाय लागल्या, कारन सात ते साडेआठ म्हंजे मालिकंचा टाइम. कुनाचा हात वर जाईना. आन् पयला हात गेला अंजनाचा. मग लाजंनं बाकीच्यांचं गेलं. वीरधवल म्हनला, बगा, काकींस्नी नातवंडांची काळजी हाय. टाळ्या झाल्या.

घरी येताना मी तिला म्हनलं, तुला कवापासनं गं अभ्यासाची काळजी? तर मला म्हनती, आक्का, आता गाव गप व्हईल.

तिचं असं हुतं. त्या वाजपात जागा असत्यात लय बारीक. एकच सारंगी, तीबी लांबनं. नाय तर नुसती बासरी, आन् बासरी थांबली की जे ऱ्हातं ते. गान्याला शेजारचा टीव्ही चालतो, ह्याला चालत न्हाई. दिवसा ट्रॅक्टर, सांजंला मालिका, रातच्याला कुत्री. तिला आयुष्यात निवांत दीड तास कवा मिळालाच न्हवता. आता सगळ्या गावानं मिळून तिला दिला.

तर पयल्या दिवशी भोंगा झाला, गाव असं शांत झालं की गोठ्यातली म्हैस रवंथ करती ते ऐकू याय लागलं. आन् अंजनानं दार उघडं ठिवून रेकाड लावली. मी इकडं भाकरी थापत हुती. पयल्यांदा मी ते नीट ऐकलं. कढत तवा तसाच ठिवून गेली की मी तिच्याकडं. उंबऱ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी हौसाक्का आली, सरपंचाची आई. बयेला टीव्हीबिगर करमंना. मग एकेक करून आळीतल्या धा-बारा बायका याय लागल्या. पोरं घरात अभ्यासाला, पुरुष मंडळी पारावर, आन् आमी अंजनाच्या सोप्यात, म्होरल्या खोलीत.

आता नुसतं वाजाप किती येळ ऐकनार? अंजना ऐकती, तिचं येगळं. आमी मग वळखायला लागलो, पडद्यावर काय चाललं असंल. हौसाक्का म्हनायची, सून आली बगा घरात. मी म्हनायची, न्हाई, हे मरनाचं हाय. क्रांती मला म्हनायची, थोरल्या आत्या, तुमाला सगळीकडं मरनच दिसतंय. त्या भांडनात लय मजा. मालिकंत दुसऱ्यानं केल्याली गोष्ट, हितं आमची आमी करायची. अंजनाला इचारलं खरं काय हाय, तर म्हनायची, मला काय म्हाईत, मी कुठं बघितलाय सिनेमा.

त्यातली एक रेकाड तिची जीव की प्रान. जुन्या मराठी सिनेमाची. त्येचं नाव तिनं मला धा येळा सांगितलं आसंल, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. मिरजेहून आनल्याली, लहान, एका कडंला तडा गेल्याली. त्यात सुरवातीचं तेवढंच वाजाप हुतं, बाकीचं कुठं मिळालं न्हवतं तिला. ती लागली की आमी सगळ्या एका मतानं म्हनायचो, घोडा. टक टक टक टक, कोन तरी घोड्यावरनं चाललाय, लांब. हौसाक्कानं तर त्या घोड्यावरच्याला नावबी ठिवलं हुतं, लालासाहेब. लालासाहेब लढाईला चालल्यात, मागं बायकू दारात हाय. महिनाभर आमी ती गोष्ट वाढवली. बायकूला दिवस गेलं, दीर खोटा निघाला, सगळं झालं.

मग तीच रेकाड नवी निघाली. आक्खी. सुरवातीपासनं शेवटापत्तोर, सिनेमात जशी वाजती तशी. क्रांतीनं मोबाईलवर बघितली आन् अंजनाला दाखवली, तर ही बया मोबाईल हातात घिऊन चुलीम्होरं बसूनच ऱ्हायली. पार्सल आलं त्या दिवशी ती दुपारपासनं सोपा सारवून, मशिन पुसून तयार. मी म्हनलं, अगं, पावना येनार का रेकाड? सातला भोंगा झाला. तिनं सुई ठिवली. आन् आमी ऐकतोय, सारंगी आली, बासरी आली, सगळं सोच्छ, कसं दवात न्हाल्यागत. घोडा येईना.

हौसाक्का म्हनली, लालासाहेब कुठाय?

अंजना म्हनली, गप ऐका. शेवटापत्तोर घोडा आलाच न्हाई. मग तिनं जुनी लावली, घोडा आला. नवी लावली, घोडा गेला. तवा कळलं, टक टक ते तड्यावरनं सुई उडायची त्येचं हुतं. घोडा न्हवताच. आता झाली सुरवात. निम्म्या बायका म्हनाय लागल्या कंपनीनं घोडा पुसला, परत करा. निम्म्या म्हनाय लागल्या जुनीच खोटी. हौसाक्का तर इरेला पेटली, म्हनली, महिनाभर मी ज्याच्यासाठी रडली त्यो नुसता चरा व्हय? आमी एवढ्या मोठ्यानं भांडलो की पारावर ऐकू गेलं. साडेआठचा भोंगा कवा झाला कळलं न्हाई. पुरुष मंडळी घरी गेली तर चुली थंड, भाकरी न्हाई, आन् बायका अजून घोड्याचं बोलत्यात.

त्या दिवशी कुठं त्येंच्या पोटात दुखलं. तोवर महिनाभर रेकाड चालली हुती, कुनी काय बोललं न्हवतं. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांस्नी पोरांच्या अभ्यासाची काळजी लागली. पारावरचं म्होरकं म्हंजे आकाराम. त्येनं वीरधवलला सांगितलं, अंजनाबाय नियम मोडती, रेकाडीनं पोरांचं ध्यान जातंय, बायका घरात ऱ्हाईनात. वीरधवल भला पोरगा, त्यो राजवर्धनला भेटला, म्हनला, काकींस्नी तू समजाव.

राजवर्धनला घरातबी सुख पायजे आन् गावातबी. त्येनं कानाला लावायचं मोठं यंत्र आनलं, टोपीगत डोक्यावरनं घालायचं. आईला म्हनला, हे लाव, तुला ऐकाय येईल, भाईर कुनाला येनार न्हाई, कुनाचं काय म्हननं न्हाई. मी तितंच हुती, लसून सोलत. अंजनानं ते हातात घेतलं, उलटं-पालटं बघितलं आन् परत त्येच्या हातात दिलं.

मग तिनं जे सांगितलं ते मला इतक्या वर्सांत म्हाईत न्हवतं. तिच्या वाडीला जत्रंत सिनेमाचा तंबू यायचा. तिकिटाला पैसं कोन देनार पोरींस्नी. ह्या भैनी-भैनी कनातीच्या भाईर जाऊन कान लावून बसायच्या. पडदा दिसायचा न्हाई, बोलनंबी धड कळायचं न्हाई. पर ते मागचं वाजाप कनातीतनं भाईर यायचं. त्याच्यावरनं ह्या वळखायच्या, आता आई मेली, आता चोर आला. तंबूवाल्याला दिसलं की त्यो बादलीनं पानी मारायचा, फुकट ऐकता व्हय म्हनून. बाकीच्या पळायच्या. ही ओली हून तितंच बसायची.

ती राजवर्धनला म्हनली, "बाळा, आमच्यात प्यायला पानी न्हवतं आन् त्यो ते आमच्यावर वतायचा. मला तवाबी कुनाला उठवाय आलं न्हाई. आता घर माझं हाय, मशिन माझं हाय. आता मी चोरून ऐकू?"

राजवर्धन म्हनला, आई, चोरून कुठं, आधुनिक हाय हे. ती म्हनली, असू दे की. तुझ्या गाडीवर घाल.

मग मी इचारलं, जी नवी आली, तीच का गं तंबूतली? म्हनली, तीच. क्रांतीनं लगेच मोबाईल काढला, आत्या, आक्खा सिनेमा हाय हेच्यावर, दाखवू? अंजना म्हनली, नगं. एवढी वर्सं त्यो मी माझा बघितलाय, आता कुना दुसऱ्याचा कशाला बगू? मला ते लय आवडलं. क्रांतीला काय कळलं न्हाई, तिनं मोबाईल परत खोचला.

ग्रामसभा बोलावली. शाळंच्या पटांगनात, सतरंजीवर. पुरुष मंडळी म्होरं, बायका मागं. वीरधवल नीट बोलला, आदबीनं. म्हनला, काकी, तुमाला कुनी वाईट म्हनत न्हाई, पर नियम सगळ्यास्नी सारखा पायजे, सात ते साडेआठ रेकाडीचं मशिनबी बंद असावं, असा ठराव मांडतो. मोडला तर दंड. आकाराम उठला आन् पोरांचं भविष्य, पोरांचं भविष्य करत लय येळ बोलला.

अंजना मागनं उठली. पदर खोचला. म्हनली, "आकाराम भावजी, तुमचं कोन शिकतंय आता?"

त्येचा ल्योक चाळिशीचा, ट्रॅक्टर चालवतो, नातू पुन्याला. सगळी हसली. आकाराम म्हनला, माझं सोड, गावाचं बोल. ती म्हनली गावाचंच बोलती. म्हनली, भोंग्याला पयला हात माझा हुता. पोरांसाठी न्हवता, गाव गप व्हावं म्हनून हुता, मला वाजाप ऐकायचं हुतं म्हनून. मी लपवत न्हाई. तुमीबी तुमचं लपवू नगा. एकबी पोरगं माझ्या दारात येत न्हाई, एकाबी मास्तरनं तक्रार केल्याली न्हाई. तक्रार भाकरीची हाय.

मग ती वीरधवलकडं वळली. "टीव्ही बंद केलासा, चांगलं केलं. पुरुषास्नी पार हाय. पोरास्नी पुस्तक हाय. बायकास्नी काय ठिवलंय त्या दीड तासात, भाकरी थापत भिताडाकडं बगायचं?"

वीरधवल ठरावाचा कागद परत वाचाय लागला. त्यो काय वाईट न्हाई. पर मागनं आकारामची मंडळी मतदान, मतदान कराय लागली. हात वर गेलं. पुरुषांचं सगळं. तुझ्या आज्ज्याचा हात निम्मा वर गेल्याला मी बघितला, अंके, आन् मी बघितलेलं त्येनं बघितलं, मग त्यो डोकं खाजवाय लागला. बायकांतल्या काहींनी नवरा बघतोय म्हनून केला वर. हौसाक्काचा न्हाई. ठराव पास झाला.

अंजना अजून उभीच. म्हनली, झालं का? मग माझंबी ऐका. उद्या सातला मी लावनार. दंड भरनार न्हाई, कान झाकनार न्हाई, दार लावनार न्हाई. ज्याला बंद करायचंय त्येनं माझ्या घरात यावं, चपला भाईर काढाव्या आन् सोताच्या हातानं सुई उचलावी.

त्या रातीला मला काळजी लागली. तिला म्हनलं, अंजे, चार दिवस थांब, राजवर्धन आपलंच पोरगं हाय, गावात त्येची मान खाली कशाला घालती? ती म्हनली, आक्का, तू नगं येऊ पायजे तर. मला राग आला तिचा. मी नगं येऊ म्हंजे? दुसऱ्या दिवशी मी भाकरी चारलाच करून टाकल्या, फडक्यात गुंडाळल्या, आन् तुझ्या आज्ज्याला सांगितलं, शिळ्या म्हनून नाक मुरडायचं न्हाई, भूक लागली की खायचं.

सोपा त्या दिवशी कवाच भरला न्हवता तेवढा भरला. हात वर केल्याल्या बायकाबी आल्या, कोपऱ्यात बसल्या. भोंगा झाला. अंजनानं तीच नवी रेकाड लावली, तंबूतली. घोड्याचं कुनी नाव काढलं न्हाई. सगळ्यांचं ध्यान दारात. रेकाडीची बाजू निम्मी झाली आसंल, तवा वीरधवल आला. संगं दोघं, ते उंबऱ्याभाईरच थांबलं. वीरधवलनं चपला काढल्या. आत बगतो तर पाय ठिवायला जागा न्हाई, आन् एकबी बाई गुडघा हलवंना. कसाबसा पदर तुडवत, माफ करा म्हनत मशिनपत्तोर आला.

अंजना बाजूलाच बसल्याली. म्हनली, ये. ह्या दांडीला हितं बोट घाल, हळू वर घे. रेकाडीवर घासू देऊ नगंस.

हौसाक्का आपल्या ल्योकाकडं बगत हुती. म्हनली, "वीरू, ठराव तुझा हाय, उचल. पर भाकरी कुनाची खातोस ते बगून उचल."

त्यो लाल झाला. म्हनला, आई, मला करावं लागतंय. आन् त्येनं उचलली सुई. खरंच उचलली, मला वाटलं न्हवतं. वाजाप मधीच तुटलं. सगळं गाव एकदम रिकामं झाल्यागत झालं. बासरी अर्धी ऱ्हायली हुती, ती कुठं गेली असंल असं वाटलं. कोपऱ्यातली एक बाई, जिनं काल हात वर केल्ता, ती रडाय लागली. बासरीसाठी रडली का हातासाठी, मला काय म्हाईत.

वीरधवल वळला, दारापत्तोर गेला. त्येच्या पाठीमागं अंजनानं सुई परत ठिवली. पयल्यापासनं.

त्यो थांबला. परत फिरला. त्येचं तोंड रागीट न्हवतं, दमल्याचं हुतं. अंजना बसल्या जागीच म्हनली, "किती येळ उचलनार, वीरू? मला उद्या बी हितंच बसायचंय, परवा बी हितंच. तुला तालुक्याला मिटिंगी असत्यात."

भाईरच्या दोघांतला एक म्हनला, पोलिसात देऊ. हौसाक्का म्हनली, बाईपोलीस आना, पुरुषाला बसाय जागा न्हाई. हशा झाला. त्या हशात वीरधवल चपला घालून गेला. बाजू आमी शेवटापत्तोर ऐकली, मग दुसरी, मग परत पयली. साडेआठचा भोंगा मधीच झाला, तरी कुनी उठलं न्हाई.

पोलीस काय आलं न्हाई. ठराव मात्र हाय अजून, दंडबी चढतोय, आन् अंजना भरत न्हाई. राजवर्धनशी पंधरा दिवस तिचं बोलनं न्हवतं, मग हळूहळू व्हाय लागलं. आकाराम पारावर मोठ्यानं बोलतो, बाया बिघडल्या, बाया बिघडल्या. त्येची बायकू रोज हितं असती, पान लावून घिऊन येती सगळ्यांस्नी. घोड्याचं भांडान मिटलं न्हाई. अंजना एक दिवस जुनी लावती, एक दिवस नवी. हौसाक्का जुनीच्या दिवशी रडती आन् नवीच्या दिवशी पान खाती.

आन् परवाच्या दिवशी पंचायतीची दोन पोरं दारात आली, ठराव वाचून दाखवायला. सातचा भोंगा होऊन गेल्ता. बाजू चालू हुती. अंजनानं त्येंच्याकडं बघितलंबी न्हाई. म्हनली, "वाचा की. पर हळू वाचा, बाजू संपायची हाय."